कर्टिसला म्हणे शैलीच नव्हती!

‘कासाब्लांका’ या गाजलेल्या हॉलिवूडपटाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: त्याचा दिग्दर्शक मायकेल कर्टिस हा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा पगारी कारागीर, त्याला स्वतःची शैली नव्हती, हंगेरीतले मूकपट ही नुसती उमेदवारी आणि ‘कासाब्लांका’ म्हणजे लागलेला मटका.

आधी उमेदवारीचं बघू. हा माणूस, म्हणजे बुडापेस्टचा केर्तेस मिहाय (हे कर्टिसचं आधीचं नाव), १९१२ पासून चित्रपट करत होता. मध्ये डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीत काम बघून आला. १९१९ मध्ये देश सोडेपर्यंत त्याचे चाळीसच्या आसपास हंगेरियन चित्रपट झाले होते. पुढे व्हिएन्नात १९२२ मध्ये त्याने ‘सोडोम उंड गोमोरा’सारखा अवाढव्य चित्रपट केला. १९२६ मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. ही कसली उमेदवारी?

‘ते मूकपट सामान्यच होते’ असंही ठोकून दिलं जातं. पाहिले कोणी? बहुतेक हरवलेत. १९१४ चा ‘अ तोलोंत्स’ न्यूयॉर्कमधल्या हंगेरियन हाउसच्या तळघरात सापडला, म्हणून तो तरी आज बघायला मिळतो.

आता शैली. ‘अँजेल्स विथ डर्टी फेसेस’मध्ये (१९३८) गुन्हेगाराला मृत्युदंड होतो तो भिंतीवरच्या सावल्यांतून. त्याच वर्षीच्या ‘रॉबिन हूड’मध्ये तलवारबाज चौकटीबाहेर जातात आणि द्वंद्व खांबावरच्या सावल्या लढतात. ‘कासाब्लांका’त नायक रिक तिजोरी उघडतो तेव्हा आपल्याला दिसते ती त्याची सावलीच. सावल्यांची तेव्हा सगळीकडेच चलती होती, मान्य. पण ‘अँजेल्स’चा छायालेखक सॉल पोलिटो, ‘कासाब्लांका’चा आर्थर एडेसन. छायालेखक बदलला तरी खूण तीच राहते, तर ती कोणाची म्हणायची? संवादाविना घटना सांगायची सवय मूकपटांतच लागते.

मटक्याचा आरोप नवा नाही. समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ मध्ये ‘कासाब्लांका’ला असाच सुखद अपघात ठरवलं होतं. पटकथा एपस्टाइन बंधू आणि हॉवर्ड कोच यांची, शेवटचं वाक्य निर्माता हॅल वॉलिसचं, हे खरंच. पण १९३८ मध्ये ‘रॉबिन हूड’ (त्याचं दिग्दर्शन विल्यम कीली यांच्याबरोबर वाटून) आणि ‘अँजेल्स’, १९४५ मध्ये ‘मिल्ड्रेड पिअर्स’. इतके अपघात एकाच माणसाला?

पगारी होता, यात वाद नाही. वर्षाला चार-पाच चित्रपट उरकायचे तर त्यातले काही टाकाऊ निघणारच, आणि तसे निघालेही.