‘चार चाकं आहेत, उलटत नाही’ म्हणे!

क्वाड बाईक म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवायची, हँडल असलेली चारचाकी. तिच्याबद्दलचं एक ढकलपत्र सध्या जोरात फिरतंय. मथळा ‘क्वाडविषयीचे गैरसमज दूर करा’, आत सहा मुद्दे, आणि शेवटी ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’. सुट्टीत क्वाड चालवायला निघालेल्या दोन मुलांच्या आईने ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारत ते पाठवलं, म्हणून हा खटाटोप. बरोबर नाही. एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते त्याच्या जागी कबूल करू. बाकीचं वाचून कुणाचा जीव वाचणार नाही, उलट जाईल.

‘चार चाकं असल्यामुळे क्वाड उलटत नाही. उलटतात ते वेगाने चालवणारेच.’

सपाट जागी उभी असलेली क्वाड पडत नाही, मान्य. तसं टेबलही पडत नाही. या समजामागे थोडा इतिहास आहे. आधी तीन चाकी यंत्रं होती आणि ती फारच सहज कलंडायची. अमेरिकेत 1988 मध्ये उत्पादकांनी सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबवली, पुढे 2008 च्या कायद्याने त्यांच्यावर बंदीच आली. चौथं चाक आल्यावर प्रश्न मिटला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या देशात या वाहनांवर माणसं मरतात ती आजही दरवर्षी शेकड्यांनी.

कारण साधं आहे. शेतात, रानात कामासाठी वापरतात ती, म्हणजे कामाची क्वाड तीनशे किलोच्या आसपास भरते. दगडधोंड्यांवरून जायचं म्हणून तिचं पोट जमिनीपासून उंच ठेवलेलं असतं. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मात्र जेमतेम 90 सेंटिमीटर. या उंच, अरुंद यंत्राच्या माथ्यावर ऐंशी किलोचा माणूस बसतो. ऑस्ट्रेलियाने 2019 मध्ये क्वाडसाठी सक्तीचं सुरक्षा मानक आणलं. ऑक्टोबर 2021 पासून तिथे विकली जाणारी प्रत्येक नवी कामाची क्वाड किमान 28.81 अंशांच्या आडव्या उतारापर्यंत दोन चाकांवर जाता कामा नये, असं त्यात म्हटलं आहे. ती नेमकी किती अंशांना कलंडते, हे दुकानात यंत्राला लटकवलेल्या पट्टीवर छापावं लागतं. न उलटणाऱ्या वस्तूचा उलटण्याचा कोन कुणी छापत नाही.

आता वेगाचं पाहू. 28.81 अंशांच्या उतारावर चढलेली उंची आणि आडवं अंतर यांचं गुणोत्तर 0.55 असतं. ढोबळ अर्थ असा, की वळणावर बाजूला ढकलणारं बल वजनाच्या 55 टक्क्यांवर गेलं की आतली चाकं उचलू लागतात. ताशी 20 किलोमीटरने 5 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर हे बल 63 टक्के होतं. ताशी 15 ला तेच 35 टक्क्यांवर येतं. म्हणजे सायकलवाला सहज गाठेल अशा वेगात क्वाड मर्यादा ओलांडते. मोकळ्या मातीवर चाकं आधी घसरतात आणि त्या घसरण्यानेच बऱ्याचदा माणूस वाचतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरत नाही, पकडून ठेवतो आणि यंत्र थेट कलतं. ‘आता चांगला रस्ता लागला, जरा पळवू’ हा विचार म्हणूनच उलटा आहे.

उतारावर तर वेग लागतच नाही. 15 अंशांच्या उतारावर आडवे चाललात आणि वरच्या बाजूची दोन्ही चाकं 20 सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली, तर कोनात जवळजवळ 13 अंशांची भर पडते. 15 आणि 13 मिळून 28. चालण्याच्या गतीने जाताना मर्यादेच्या काठावर येता, आणि त्याच वेळी खालचं चाक खड्ड्यात गेलं की संपलं.

‘गाडी कलली तर त्या बाजूचा पाय जमिनीवर टेका, हँडल घट्ट धरा, काही झालं तरी सोडू नका.’

हे वाचून आधी हसू येतं, मग राग. सायकल कलली की पाय टेकतो, म्हणून क्वाड कलली तरी पाय टेकायचा! माणूस आणि यंत्र मिळून पावणेचारशे किलो. ते कलंडायला लागल्यावर एका पायाच्या टेकूने थांबत नाही, पाय त्याच्याखाली जातो. आणि गाडी कलली नाही तरी फूटरेस्टच्या लगेच मागे मागचं चाक असतं. चालत्या क्वाडवरून पाय खाली टेकला की तेच चाक पोटरीवर चढतं आणि माणसाला मागे खेचून घेतं. दोन्ही पाय शेवटपर्यंत फूटरेस्टवर, हा क्वाडचा पहिला धडा. ढकलपत्र नेमका त्याच्या उलट शिकवतं.

खरा उपाय पायात नाही, धडात आहे. क्वाड चालवणारा हा प्रवासी नसतो, तो यंत्राचा हलता तोलभार असतो. ऐंशी किलोचा माणूस बाजूला 20 सेंटिमीटर सरकला की सगळ्या ओझ्याचा मध्य चार सेंटिमीटरांहून थोडा जास्त सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण काठावर आलेल्या यंत्राला तेवढं पुरतं. वळताना आतल्या बाजूला झुका. आडव्या उतारावर बूड सीटवरून उचलून चढाच्या बाजूला न्या. तरीही वरची चाकं हलकी वाटू लागली आणि खाली मोकळी जागा असेल, तर हँडल हळूच उताराकडे वळवा. अनेक क्वाडमध्ये मागचा आस सलग असतो, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. त्यामुळे वळणात यंत्र आधी सरळच रेटतं, माणूस वैतागून हँडल आणखी पिळतो आणि मग पुढची चाकं एकदम पकड घेतात. आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी कसा करायचा, हे आधी सपाट मैदानात मंद गतीने शिकून घ्यावं लागतं.

चढावर तर ‘घट्ट धरा’ हा सल्ला आणखी वाईट. क्वाडचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, अंगठ्याने दाबायचा असतो. पुढची चाकं उचलली आणि माणूस मागे लोंबकळत हँडलला चिकटला की अंगठा आपोआप दाबला जातो, इंजिन जोर करतं आणि यंत्र मागे उलटून छातीवर येतं. त्यामुळे चढाला लागण्याआधीच खालचा गिअर टाका, मध्ये बदलू नका, धड पुढे ठेवा. दम संपून क्वाड मागे घरंगळू लागली, तर थ्रॉटल देऊ नका आणि मागचा ब्रेक तर अजिबात दाबू नका, त्याने ती तिथल्या तिथे मागे पलटते. वजन पुढे ठेवून पुढचा ब्रेक हळूहळू दाबा. पूर्ण थांबली की मगच मागचा ब्रेक, मग पार्किंग ब्रेक, आणि मग चढाच्या बाजूने उतरा.

यंत्र आता जाणारच, असं कळलं तर हँडल सोडायचं आणि चढाच्या बाजूला निघायचं. उताराच्या बाजूला उडी मारली तर क्वाड तुमच्यामागे गडगडत येते. यंत्र दुरुस्त होतं.

‘सीट लांब आहे, दोघं आरामात बसतात. लहान मुलाला पुढे बसवलं की सर्वात सुरक्षित.’

सीट लांब आहे ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून. बहुतेक क्वाड एकाच माणसासाठी बनतात आणि तसा इशारा यंत्रावरच चिकटवलेला असतो. दोघांसाठीची मॉडेल वेगळी असतात. त्यांची चाकं लांब अंतरावर असतात, मागच्याला स्वतःची बैठक आणि पकडायला दांडे असतात. एकट्याच्या क्वाडवर मागे माणूस बसला की वजन मागच्या आसावर जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि पुढच्याला सरकायला जागाच उरत नाही. आताच सांगितलेला तोलभार जागच्या जागी बांधला गेला.

मूल पुढे बसवणं तर त्याहून भयंकर. ते हँडल आणि मोठ्या माणसाची छाती यांच्यामध्ये अडकतं, आणि समोरून धक्का बसला की मागचं सगळं वजन त्याच्या बरगड्यांवर येतं. शिवाय अंगठ्याचा थ्रॉटल त्याच्या हाताशी. गचका बसला की मूल सापडेल ते धरतं.

‘मग त्याला वेगळी क्वाड देऊ’ म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा गणित. तीस किलोचं मूल 15 सेंटिमीटर सरकलं तर तीनशे किलोच्या यंत्राचा मध्य दीड सेंटिमीटरही हलत नाही. त्याचं धाडस, हुशारी, सराव यांचा इथे काही संबंध नाही, त्याला वजनच पुरत नाही. अमेरिकेतला जुना संकेत सरळ होता: 90 सीसीच्या वरचं यंत्र सोळा वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. आता तिथे वयाप्रमाणे 6, 10, 12 असे गट पाडून वेगमर्यादा बसवलेली छोटी यंत्रं मिळतात. वय यंत्रावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं. आणि छोट्या क्वाडवरही थ्रॉटल किती उघडेल ते रोखणारा स्क्रू आणि ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, दोन्ही चालू आहेत का ते मोठ्यांनी स्वतः तपासायचं.

‘सावकाश चालवायचं असेल तर हेल्मेट नको.’

दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे 20 किलोमीटर असतो. क्वाड उभी असली तरी. पुढे.

‘मागे लावतात तो संरक्षक दांडा उलट धोक्याचा. माणूस त्याच्यातच अडकतो.’

हाच तो तथ्याचा तुकडा. मागच्या बाजूला उभारलेला दांडा किंवा कमान काही प्रसंगी माणसाला लागू शकते, हे नाकारता येत नाही. भरधाव खेळातल्या क्वाडवर तो शोभतही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मानकानेही तो फक्त सर्वसाधारण कामाच्या क्वाडला सक्तीचा केला, खेळाच्या आणि मुलांच्या यंत्रांना नाही.

पण ढकलपत्र इथून ‘म्हणून काढून टाका’वर उडी मारतं. कामाच्या क्वाडवरचे कितीतरी मृत्यू मोठी जखम न होता होतात. यंत्र मंद गतीत कलंडतं, छातीवर किंवा पाठीवर बसतं, बरगड्या फुलू शकत नाहीत आणि माणूस काही मिनिटांत गुदमरतो. दांड्याचं काम यंत्राला पूर्ण पालथं होऊ न देण्याचं आणि खाली सरपटायला थोडी पोकळी ठेवण्याचं आहे. तो उलटणं थांबवत नाही, खाली चिरडणं टाळू पाहतो. घरी पाइप वेल्डिंग करून मागच्या कॅरिअरला लावलेली कमान मात्र नको. कॅरिअर वाकतं आणि पोकळी नाहीशी होते. दांडा यंत्राच्या मुख्य सांगाड्याला, बनवणाऱ्याने सांगितलेल्या बोल्टांनीच बसवायचा. आणि ‘मग सीटबेल्टही लावू’ हा विचार कराल तर तोही सोडा. ज्या यंत्रावर माणसाने सतत हलायचं असतं, तिथे त्याला बांधून ठेवता येत नाही.

‘अपघात होतो तो चालवणाऱ्याच्या चुकीने. यंत्रात बघण्यासारखं काही नसतं.’

‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य लिहिलं की चौकशी संपते आणि पुढचा माणूस त्याच कारणाने पडतो. ताबा कशाने सुटला, हे विचारा. आधी टायर. क्वाडच्या टायरमध्ये हवा साधारण 3 ते 7 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) एवढीच असते. मोटारीच्या गेजवर हा आकडा नीट दिसतही नाही, त्यासाठी 0 ते 10 चा वेगळा गेज लागतो. डाव्या-उजव्यात एक-दोन पीएसआयचा फरक पडला की हँडल एका बाजूला ओढतं. कुणी मोटारीच्या हिशेबाने 30 भरली तर टायर चेंडूसारखा उसळतो, रिमवरून सुटूही शकतो. हवा टायर थंड असताना मोजा.

मग ओझं. फवारणीची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, तेही उंचावर. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, कारण वळणावर पाणी बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतं. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या, नाहीतर फेऱ्या वाढवा. ओढायचं ते फक्त खालच्या हिचला, म्हणजे ओढण्यासाठीच्या जोडणीला बांधून. मागच्या कॅरिअरला दोर लावून ओंडका ओढला की दोर वरून मागे खेचतो आणि क्वाड उभी राहते. अपघातानंतर टिपण करायचंच असेल तर उताराचा कोन, टायरमधली हवा, ओझं, गिअर, आणि माणूस चढाच्या बाजूला पडला की उताराच्या, एवढं लिहा.

ढकलपत्रात नसलेली एक गोष्ट. कुणी खाली अडकलं तर आधी इंजिन बंद करा, पेट्रोल गळतंय का पाहा आणि छाती मोकळी होईल एवढंच यंत्र उचला. माणसाला ओढू नका. उचलल्यावर यंत्राखाली दगड किंवा लाकूड सरकवा, ते पुन्हा बसता कामा नये. एकटे निघणार असाल तर कुठे चाललात आणि कधी परतणार, ते सांगून जा. फोन खिशात ठेवा, मागच्या डब्यात नको. क्वाड उलटल्यावर तो डबा बहुधा यंत्राच्या पलीकडे असतो आणि तुम्ही खाली.