पेटीची सत्तरी

आमच्या घरात एक लाकडी पेटी आहे. आत वीस सिगार, झाकणाला आतून बसवलेला, हवेतली ओल मोजणारा एक गोल काटा, आणि त्या काट्याकडे दिवसातून आठ वेळा बघणारा मी. सिगार मी महिन्याकाठी एखादा ओढतो, तोही अर्ध्यावर ठसका लागून विझवतो. पेटीची चाकरी मात्र चोवीस तास.

तंबाखूचं पान वाळलं तरी त्याचा तोरा वाळत नाही. हवेत ओल कमी झाली की वरचं नाजूक पान, म्हणजे रॅपर, तडकतं. ओल जास्त झाली की सिगार फुगतो, धूर ओढता ओढता गालफडं दुखतात आणि तो एकाच कडेने जळत जातो. म्हणून नियम असा की आर्द्रता ७० टक्के आणि तापमान ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१ अंश सेल्सिअस. लक्षात ठेवायला इतका सोपा नियम, तेव्हा पाळायलाही तितकाच सोपा असेल असं मला वाटलं.

पेटीला आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. हे लाकूड स्पॅनिश नाही आणि सीडरही नाही. झाड अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, महोगनीच्या कुळातलं. नावातच दोन थापा मारणाऱ्या लाकडावर मी विश्वास टाकला, इथेच चुकलं. नवी पेटी कोरडी असते. तिला आधी आठवडा-दोन आठवडे रिकामीच ठेवून ओल पाजावी लागते, नाहीतर ती सिगारांची ओल पिऊन टाकते. इतका धीर मला कुठला? मी ओलं फडकं घेतलं आणि पेटी आतून लख्ख पुसून काढली. लाकूड एका रात्रीत असं फुगलं की झाकण लागेना.

"अहो, त्यावर इस्त्री ठेवू का?" सौ.ने विचारलं. वजनासाठी म्हणत होती. मी घाबरून पेटी पोटाशी धरली.

यथावकाश लाकूड वाळलं, झाकण बसलं, सिगार आत गेले. चौथ्या आठवड्यात काटा बासष्टवर येऊन बसला तो हलेचना. बासष्ट! माझी माणसं तहानेने तडफडतायत आणि मी इथे गार पाणी पितोय! मी पेटीत ओल द्यायला ठेवलेला स्पंज भिजवला. पासष्ट. पुन्हा भिजवला. डिस्टिल्ड वॉटर संपलं तेव्हा सरळ नळाचं पाणी ओतलं. हे करू नये. त्यातले क्षार स्पंजात साठून त्याची छिद्रं बुजतात. पण तहानलेल्यापुढे क्षार कोण बघतो? पंधरा दिवसांत काटा सत्तरवर आला. त्या दिवशी मी घरात छाती काढून फिरलो.

नंतर सिगारांवर पांढरी लव दिसली. मला आनंदच झाला, कारण मुरलेल्या सिगारच्या पानातली तेलं बाहेर येऊन त्याची पांढरी भुकटी धरते असं मी ऐकून होतो. सौ.ला कौतुकाने दाखवायला गेलो. तिने चष्मासुद्धा लावला नाही.

"बुरशी आहे. बंद कपाटातल्या बुटांवर येते तीच."

आता संशय काट्यावर गेला. काटा तपासायची पद्धत फार जुनी आणि फार स्वस्त आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि काटा एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाचा तो स्वभावच आहे, त्यात तो कोणाची भीड ठेवत नाही. सकाळी उठून दात न घासता पिशवी बघितली. काटा अडुसष्टवर.

म्हणजे काटा सात आकडे कमी सांगत होता. म्हणजे बासष्ट होते तेव्हा माझे सिगार एकोणसत्तरवर सुखाने नांदत होते, आणि ज्या दिवशी मी छाती काढून फिरलो त्या दिवशी बिचारे सत्त्याहत्तरवर गटांगळ्या खात होते.

तापमानाची वेगळीच तऱ्हा. आर्द्रता सापेक्ष असते. हवा गार झाली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद घटते आणि थेंबभर पाणी न घालता टक्के चढतात. लाकूड आणि पानं जादा वाफ पिऊन घेतात म्हणून निभावतं. उलट पारा पंचविशीपलीकडे गेला की तंबाखूतल्या भुंग्याची भीती. त्याची अंडी पानातच दडलेली असू शकतात आणि उबेला फुटतात. मग सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. उपाय एकच, सिगार पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये काही दिवस, मग खाली फ्रिजमध्ये दिवसभर, मग बाहेर. असं पायरीपायरीने आणलं नाही तर पान तडकतं. मला भोक एकही दिसलं नव्हतं, तरी मी तो सोहळा केला. तीन दिवस बर्फाचा ट्रे बाहेर होता आणि सौ. माझ्याशी मोजकंच बोलत होती.

बुरशीचे तीन सिगार टाकले. पेटी कोरड्या फडक्याने पुसली. स्पंज काढून तिथे ६९ टक्क्यांचं पाकीट ठेवलं. त्यात क्षारांचं द्रावण असतं, ते कमी पडलेली ओल देतं आणि जास्तीची परत घेतं, कोणाला काही विचारत नाही. आठवड्याने पाहिलं तर काटा बासष्टवर, जिथून मी सुरुवात केली तिथेच. झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली, 'अधिक सात'.

आता मला करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तेच सोसवत नाही. काल रात्री दोन वाजता उठून काटा बघून आलो.

"किती?" अंधारातून सौ.ने विचारलं.

"बासष्ट."

"म्हणजे एकोणसत्तर. झोपा."

झोपलो. पण झाकण नीट लागलं होतं का?