हिरडी दुखतेय? आधी चारचौघांना सांगा

हिरडी दुखायला लागली की पहिलं काम म्हणजे घरात जाहीर करणं. शक्यतो चवथीत, म्हणजे आमच्या गोव्याच्या गणेश चतुर्थीत. वर्षभर कुलूप असलेल्या मूळ घरात तेव्हा तीस-चाळीस माणसं असतात आणि त्यातलं प्रत्येक जण अर्धं डॉक्टर असतं. यंदा मी नेमका तोच मुहूर्त गाठला. नेवरीचा, म्हणजे करंजीचा, कडक काठ खालच्या दाढेमागे टोचला, मी "आई गं" म्हटलं आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली माझ्या तोंडाची सभा भरली. तिथे मिळालेली विद्या वाटून टाकतोय, घ्या.

दात घासणं बंद करा. रक्त येतंय ना, मग ब्रश कशाला लावायचा? दोन-तीन दिवसांत दातांच्या मुळाशी चिकट थर बसतो, हिरडी आणखी सुजते, रक्त आणखी येतं. म्हणजे ब्रश बंद ठेवायला आणखी सबळ कारण.

मशेरी लावा. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त दिसायचं कमी होतं. आजार आत निवांत वाढत राहतो, कोणाला त्रास नाही.

फेणीची चूळ भरा. चवथीत घरात दारू चालत नाही, पण औषधाला नाही म्हणू नये. माझ्यासाठी आणलेलं औषध संध्याकाळपर्यंत अर्धं संपलं होतं. हिरडी मात्र एकट्या माझीच दुखत होती.

अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात दाबून झोपा. गोळी आम्ल असते, सकाळपर्यंत व्यवस्थित भाजतं.

आता रामबाण: लवंगेचं तेल. निव्वळ. खोबरेलात मिसळून दोन थेंब वगैरे भित्र्यांचे चोचले. आमच्या भावोजींनी स्वतःच्या हाताने कापसाचा बोळा केला, तेलात चिंब भिजवला आणि माझ्या दाढेमागे कोंबला. पहिलं मिनिट छान गेलं. लवंगेतल्या युजेनॉलने बधिरपणा येतो, ते खोटं नाही. दंतवैद्यसुद्धा ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात भरतात. कालवून! दुसऱ्या मिनिटाला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी बोळा काढायला गेलो तर भावोजी माझा हात धरून म्हणतात, "जळजळतंय ना? म्हणजे लागू पडतंय!"

या एका वाक्यावर आपली अख्खी घरगुती वैद्यकी उभी आहे. झोंबलं की गुण, कडू लागलं की गुण, आणि रुग्ण ओरडला तर रोग पळतोय. मग मिरचीचा ठेचाच का नाही लावत? सकाळी आरशात पाहिलं तर गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोलून आलेली. पोदेराचा मऊ पाव चहात बुडवून खाल्ला तरी ब्रह्मांड आठवत होतं. भावोजी तोवर मडगावला परतलेले. फोनवर म्हणाले, "घाण बाहेर पडतेय." अहो घाण कसली, माझी कातडी होती ती!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारली, आरसा फिरवला आणि सांगितलं, "दाढेमागे दगडासारखं कीटण बसलंय, ते ब्रशने निघायचं नाही, खरवडावं लागेल. पण आधी हे भाजलेलं बरं होऊ दे. पुढच्या आठवड्यात या." म्हणजे उपाय बरा होईपर्यंत आजाराने थांबायचं.

बास झाली थट्टा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा मिनिट खळखळून थुंकायचं. मऊ ब्रशने दोन वेळा, रक्त आलं तरी, हलक्या हाताने घासायचं. घरात करायचं ते एवढंच. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टर. गाल सुजला, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी. आणि पैशांचं रडगाणं नको. १९८० साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय बांबोळीला आहे. तिथल्याच गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आजारी पाहुण्यांना बघायला दहादा जाता, तेव्हा दिसत नाही का? डॉक्टरला भिता आणि भावोजीला तोंड उघडून देता! लाज वाटत नाही? मला वाटली.

आणि सल्ला देणाऱ्यांनो, तुमच्या स्वतःच्या तोंडात वर तीन दात उरलेत, दुसऱ्याच्या दाढेला कशाला हात घालता?

तेलाची बाटली अजून आमच्या फडताळात आहे, भावोजी. घेऊन जा.