मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०, डब्यात मात्र दुकानदाराची मर्जी

छोट्या पेट्रोल गाडीत कोणते इंजिन ऑइल घालायचे, हा प्रश्न गोव्यात इतका अवघड का करून ठेवला आहे, हे मला खरोखर समजत नाही. उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये छापलेले असते: ग्रेड कोणता, एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने ठरवलेला) दर्जा कोणता आणि तेल किती लिटर. आमच्या गाडीला ०डब्ल्यू-२० सांगितले आहे. तरीही म्हापशाच्या दुकानात २०डब्ल्यू-५० चा डबा पुढे सरकवला जातो, गॅरेजवाला १५डब्ल्यू-४० वर अडून बसतो, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पिंपातून जे काही ओतले जाते त्याचा ग्रेडही बिलावर येत नाही.

"पातळ तेल हांगा चलना, बाब," म्हणजे इथे पातळ तेल चालत नाही, हे वाक्य तर पाठ झाले आहे. ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा आत्मविश्वास असतो की इंजिन त्यानेच घडवले असावे. ग्रेडमधला पहिला, 'डब्ल्यू'आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत तेल किती सहज हलते ते सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो ते सांगतो. ०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ अंशांना होते, आणि गोव्यात असली थंडी पडत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण थंडीत वाहणारे तेल उकाड्यात निकामी होते, हा शोध कोणी लावला? बाहेर मे महिन्याचा घाम असो वा डिसेंबरची पहाट, थर्मोस्टॅट इंजिनातील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) साधारण ९० अंशांच्या आसपासच राखतो आणि तेलही त्याच बेताने तापते. शिवाय हे मॅन्युअल भारतात विकलेल्या गाडीचे आहे, नॉर्वेतल्या नव्हे.

उलट खरी अडचण सकाळच्या पहिल्या स्टार्टला असते. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात कोणतेही तेल कामाच्या तापमानापेक्षा कितीतरी दाट असते, आणि ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या तिपटीहून अधिक दाट भरते. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर, बारीक वाटांमधून चालते. तिथे जाडे तेल भरून वर "अ‍ॅव्हरेज कमी झाले" म्हणून इंजेक्टर साफ करायचे बिल लावायचे, हा धंदा मी जवळून पाहिला आहे. जुन्या, तेल खाणाऱ्या इंजिनाला थोडे दाट तेल घालण्यात तथ्य असते आणि काही मॅन्युअलमध्ये एकाहून अधिक ग्रेडही दिलेले असतात. पण तो निर्णय मॅन्युअलमधल्या तक्त्यावरून व्हावा, शेल्फवर काय शिल्लक आहे त्यावरून नव्हे.

ग्रेड विचारला की दुकानदार हमखास "फुल सिंथेटिक देऊ का?" असे विचारतो. अरे बाबा, सिंथेटिक म्हणजे तेल कसे बनवले ते; ते ०डब्ल्यू-२० मध्येही मिळते आणि ५डब्ल्यू-४० मध्येही; मी आकडा विचारतो आहे, कुळी नव्हे.

तेल बदलायचे कधी, यातही तोच गोंधळ. डिपस्टिक पुसून "काळे झाले, बदला" म्हणणाऱ्यांना हे सांगावे लागते की तेलात मिसळलेली साफसफाईची रसायने काजळी धरून ठेवतात, म्हणून तेल काळे होणे हे ते आपले काम करत असल्याचेही लक्षण आहे. दुसरीकडे, घर ते मासळी बाजार आणि परत एवढीच जी गाडी फिरते, तिला "चाललीच कुठे" म्हणून दोन दोन वर्षे तेच तेल ठेवतात. एवढ्याशा फेरीत तेल पुरते तापतच नाही, त्यात शिरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि पावसाळ्यात तेल ओतायच्या तोंडाचे झाकण उघडले की आत दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर दिसतो. मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत महिनेही छापलेले असतात आणि जे आधी भरेल ते मोजायचे असते, पण वाचतो कोण?

म्हणून आता मी सीलबंद डबा स्वतःच घेऊन जातो. त्यावर सर्व्हिस सेंटरचे उत्तर असे की बाहेरचे तेल घातले तर वॉरंटी जाईल. स्वतः कोणते तेल ओतले ते बिलावर लिहायला ज्यांची लेखणी उचलत नाही, ते मला वॉरंटीची भीती घालतात! मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचे आणि दर्जाचे तेल घालून वॉरंटी कशी जाते, ते लेटरहेडवर लिहून द्या, असे म्हटले की मॅनेजर जेवायला गेलेले असतात आणि तीन वाजल्याशिवाय परत येत नाहीत.