डावीकडचा मोकळा कागद

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

दुपारी शाळेतल्या पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. नववीतल्या एका पोरीचं पेन्सिलीतलं स्थिरचित्र होतं. खानापूरचं मातीचं मडकं, त्याला टेकवलेली काठी आणि टेबलाच्या अगदी कडेला पितळी तांब्या, वर फुलपात्र पालथं. डावीकडचा अर्धा कागद मोकळा. मी तिथंच थांबलो. तेवढ्यात परीक्षक आले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "शेडिंग बरं आहे, पण ही बाजू रिकामी राहिली की. आणि अर्थ काय याचा? एक विझलेली मेणबत्ती ठेवली असतीस तर रूपक झालं असतं."

पोरीचं तोंड एवढंसं झालं.

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं, मागाचं. आप्पा गेले तेव्हा मी आठवीत. त्यांचा धोटा (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो), चष्मा आणि कपबशी खिडकीत मांडून चित्र काढायला बसलो. धोटा बरोबर मधोमध, कारण आप्पा म्हटलं की धोटाच आठवायचा. ड्रॉइंगचे सर भेटायला आले होते. त्यांनी न बोलता धोटा उचलला आणि टोक कागदाबाहेर जाईल असा कडेला सारला. "आता काढ."

काढताना रडू फुटलं. तोवर आलं नव्हतं. धोटा जातो आणि परत येतो, जन्मभर तेच बघितलेलं. हा मात्र बाहेर निघाला होता.

वस्तू त्याच तीन होत्या हो! सरांनी कुठलं प्रतीक आणून ठेवलं नाही, जागा तेवढी बदलली.

मान्य, सतराव्या शतकात हॉलंडचे चित्रकार कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली वात मांडायचे आणि लोकांना त्याचा अर्थ ठाऊक असायचा. पण पीटर क्लासच्या १६२८ च्या चित्रात कवटीपेक्षा तो आडवा पडलेला रिकामा पेला मला जास्त छळतो. आणि स्पेनचा सांचेझ कोतान? १६०२ च्या सुमाराचं त्याचं चित्र बघा. एक क्विन्स नावाचं फळ आणि एक कोबी दोऱ्यांना टांगलेले, आपल्या शिंक्यासारखे. खाली कट्ट्यावर कापलेलं खरबूज, आणि काकडी कडेबाहेर आपल्याकडं आलेली. वरून खाली एक वळण उतरत येतं, मागं मिट्ट काळोख. कवटी नाही, मेणबत्ती नाही. तरी त्या काळोखापुढं माणूस गप्प होतो. त्या काळोखालाही रिकामी बाजू म्हणणार का?

चित्रकार के. बी. कुलकर्णींनी ज्या गावात पोरं घडवली, चित्रकार रवी परांजपे ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या बेळगावात हे ऐकायचं! मुलांना आधी बघायला शिकवा. तांब्या कडेलाच का, काठी कुणाची, उजेड कुठून येतोय, एवढं तरी विचारा.

परीक्षकांना दिवसभरात ढीगभर चित्रं बघावी लागतात, तेही खरं. घाई होते. पण मग बोलू नये. माझ्या सरांनी तर दोनच शब्द उच्चारले होते, आणि आप्पांचं ते चित्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

निघताना पोरीला हळूच विचारलं, "बाळ, डावीकडं काय होतं गं?"

"आजीची कॉट. मागच्या महिन्यात हलवली."

"आणि तांब्या?"

"तो तिथंच आहे, काका. आई अजून रोज रात्री भरून ठेवते."