गोव्याचं ताट पोर्तुगीजांची देणगी नव्हे

'मिरची पोर्तुगीजांची, पाव पोर्तुगीजांचा, मांसाचा विंदालू रस्साही त्यांचाच. ते आले नसते तर गोव्याला स्वतःचं जेवणच नसतं' असा एक संदेश पुन्हा फिरतो आहे. आपलीच माणसं तो कौतुकाने पुढे पाठवतात, याचं जास्त वाईट वाटतं.

आधी मिरची. ती मूळची अमेरिकेतली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, हे खरंच आहे. काजू, अननस, पपईही तशीच आली. पण जिन्नस कुठला यावर जेवण कुणाचं हे ठरवायचं, तर पोर्तुगालचं काय करायचं? त्यांच्या राष्ट्रीय मानाच्या बाकल्याव या पदार्थातला कॉड मासा त्यांच्या किनाऱ्यावरचा नाही. शतकानुशतकं तो कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रातून खारवून आणला. तरी बाकल्याव पोर्तुगीजच मानतात. मग गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला वेगळा न्याय कशाला?

पाव त्यांनी आणला, कबूल. पण पोदेराने, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याने, पीठ फुगवलं ते माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर, आणि विंदालूत त्यांच्या वाईनच्या जागी पडला तो माडाचाच व्हिनेगर.

राहिलं 'स्वतःचं जेवणच नसतं'. गणेश चवथीचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची भाजी, बघा. कांदा-लसूण नाही. तूरडाळ, सुरण, मुळा, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, ओल्या खोबऱ्याचं वाटण, गूळ, आंबटाला सोलं (आमसुलं) आणि ठेचून टाकलेली तिरफळं. तिरफळांचा तो झणका घरभर पसरला की खतखतं चुलीवर आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. यात वाटणातली मिरची आणि मक्याच्या कणसाचे तुकडे तेवढे अमेरिकेचे! शिवाय पोर्तुगीज १५१० मध्ये आले तरी फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण हे भाग त्यांच्या हाती लागले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अडीचशे वर्षं तिथे जेवण शिजतच होतं.

आणि ज्या राजवटीला या जेवणाचं श्रेय द्यायचं, तिच्याच इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानात बाटवलेल्यांना हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायला मनाई केली होती. माणसाची ओळख चुलीवर टिकते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर थेट भाताच्या टोपापर्यंत हात घातला.

तो हात पुरा पोचला नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आत खोबरं आणि माडाचा काळा गूळ, हिंदू घरांत नागपंचमीला होतात आणि कॅथलिक घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला.