वीज खाणारं धरण आपल्याला का हवंय

'100 युनिट वीज घेऊन 75-80 परत देणारं धरण बांधायचंच कशाला?' उदंचन जलविद्युत प्रकल्पांची (उरलेल्या विजेवर पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची) बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो. आकडा खरा आहे. पण घेतलेली वीज दुपारची आणि परत मिळणारी रात्रीची, हे त्यात कोणी धरत नाही.

मे महिन्यात नागपुरात दुपारी सोलर जोरात असतं. दिवस मावळला की ते बंद, कूलर मात्र पहाटेपर्यंत सुरू. तेव्हा भार येतो कोराडी-खापरखेड्यासारख्या केंद्रांवर. कोळशाचा बॉयलर हवा तेव्हा विझवून पुन्हा लगेच पेटवता येत नाही, म्हणून दुपारी सोलर असूनही तो कमी भारावर चालूच ठेवावा लागतो. राख आपल्या वाट्याला. जुलै 2022 मध्ये खसाळ्याला कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला होता, आठवतं ना?

आता सह्याद्रीतलं घाटघर बघा. 2008 पासून चालू असलेला 250 मेगावॉटचा आपल्याच राज्याचा प्रकल्प. वरचं धरण प्रवरेवर, खालचं घाटाखाली शाही नाल्यावर, मध्ये 400 मीटरच्या आसपास उतार आणि भूमिगत वीजगृहात 125 मेगावॉटचे दोन संच. मागणी वाढली की पाणी खाली येतं आणि टर्बाइन फिरतं. वीज उरली की तेच यंत्र उलटं फिरून पंप होतं आणि पाणी वर चढवतं. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी उतरलं की साधारण एक युनिट वीज! पाणी तेच पुन्हा पुन्हा वापरायचं, बाष्पीभवनात आणि झिरपण्यात जाईल तेवढीच भर घालायची. आणि थांबलेला संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो, हे कोळशाला जमणारच नाही.

मग विदर्भात का नाही? उंची हवी, ती चिखलदऱ्याला आहे. पण तिथे मेळघाट आहे, आणि वाघाचं जंगल कापून सोलरची वीज साठवणं मला अजिबात मान्य नाही. तोतलाडोहचं पाणी नागपूर पितं, शिवाय तेही पेंचच्या जंगलातच. म्हणजे हे प्रकल्प मुख्यतः सह्याद्रीतच होणार, आणि तिथल्या गावांची जमीन जाणार. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. पुनर्वसनासाठी लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली, ते आपण विदर्भात जवळून पाहिलंय. म्हणून माझा पाठिंबा एका अटीवर: आधी ग्रामसभेची संमती, जमिनीचा मोबदला आणि नवं गावठाण, मगच बोगद्याचा पहिला सुरुंग.